दाराची उजवी बाजू

वर्ध्यातल्या एका छोट्याशा संग्रहालयात शिरलं की समोरच एका दाराचा मोठा फोटो दिसतो. मातीच्या घराचं दार, आणि दोन्ही बाजूंच्या, पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतींवर गेरूनं काढलेले मोर, हरणं, कणसं, मधूनमधून ठिपक्यांच्या ओळी. डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत जुळतात. लोक थांबतात, "काय सिमेट्री आहे!" म्हणतात आणि मोबाइल काढतात. त्यातली डावी बाजू सेलूच्या पुढं, जंगलाच्या अंगाला असलेल्या एका गावातल्या बाईंनी काढलेली आहे. उजवी बाजू ही माझी चूक आहे. ती जागा त्या बाईंनी आपल्या मुलीसाठी राखून ठेवली होती. मुलगी भांडून घराबाहेर पडली होती. ती परत येईल, आपली बाजू आपल्या हातानं भरेल, म्हणून आई दोन दिवाळ्या ती भिंत पोतारून कोरी ठेवत होती. तिसऱ्या दिवाळीला मुलगी येणार असा निरोप आला, आणि ती यायच्या पाच दिवस आधी मी ती भिंत भरून टाकली. हे सगळं मला नंतर कळलं. नीट कळलं, असं मात्र आजही म्हणवत नाही.

मी कलाशिक्षक घडवतो. म्हणजे शाळेत चित्रकला शिकवायची असं ठरवून जी मुलंमुली आमच्याकडे पदविकेला येतात, त्यांना दोन वर्षं शिकवतो. 'घडवतो' हा शब्द आमच्या माहितीपुस्तिकेतला आहे. खरं तर ती घडूनच आलेली असतात, आणि ते मोडायचं कसं हे मला माहीत नसतं. शाळेत असताना त्यांनी ग्रेडच्या परीक्षा दिलेल्या असतात. संकल्पचित्राचा पेपर त्यांच्या बोटांत भिनलेला असतो. चौकोन आखायचा, मधोमध रेघ मारायची, अर्ध्या भागात नक्षी काढायची, ती ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, कागद उलटा करायचा आणि दुसऱ्या अर्ध्या भागात घासायची. या घासण्यावर मी वर्षानुवर्षं वर्गात ओरडत आलोय. "अरे, अर्धं चित्र काढता आणि अर्धं छापता, मग पूर्ण चित्रकार कसे होणार?" हे माझं ठरलेलं वाक्य. मुलं हसायची आणि घासायची. मी स्वतः त्याच घासण्यावर ए ग्रेड मिळवली होती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा ठरवलं की यांना वर्गाबाहेर काढायचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी आठ दिवस संग्रहालयात काढायचे आणि आठ दिवस एखाद्या गावात, जिथं चित्र हे घरकामासारखं केलं जातं. वस्तू हाताळायच्या, माणसांबरोबर काम करायचं आणि त्यातून शाळेतल्या मुलांसाठी पाठ तयार करायचे. कागदावर ही योजना फार सुंदर दिसत होती. प्राचार्यांनी सही करताना विचारलं, "यातून नेमकं काय साध्य होणार?" मी दहा मिनिटं बोललो. बोलून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो गोंधळ होता, तोच माझ्या डोक्यात होता.

संग्रहालय म्हणजे जुन्या कौलारू इमारतीतल्या चार खोल्या. तिफण, मोट, जाती, सुपं, लाकडी मापं असं सामान. ते सांभाळणारे गृहस्थ निवृत्त, अतिशय सज्जन आणि काचेवर बोटाचा ठसा दिसला की अस्वस्थ होणारे. त्यांना पटवून मी मुलांच्या हातात वस्तू दिल्या. आमच्या वर्गात सेलूची एक मुलगी होती, संकल्पचित्रात सगळ्यांत हुशार. तिनं सूप उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "सर, हे तर आमच्या घरी आहे. इथं हातात घेतल्यावर वेगळं काय वाटायला पाहिजे?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तिच्यावर डाफरलो. उत्तर सुचलं नाही की माझा आवाज चढतो, ही खोड जुनी आहे.

संग्रहालयाच्या त्या गृहस्थांना प्रवेशाच्या भिंतीसाठी एक मोठा फोटो हवा होता. त्यांनीच हे गाव सुचवलं. तिथं एक गोंड कुटुंब आहे, त्यांच्या घरची बाई दर दिवाळीला दाराच्या दोन्ही अंगांना चित्रं काढते, तुमची मुलं तिच्याकडे शिकतील आणि मला फोटो मिळेल, असं ते म्हणाले. फक्त एक अट घातली. "दोन्ही बाजू भरलेल्या हव्यात हं. अर्धवट दार मी कसं लावू?"

दिवाळीच्या आधी मी अकरा मुलामुलींना घेऊन त्या अंगणात जाऊन बसलो. बाई पन्नाशीच्या, शिडशिडीत, कमी बोलणाऱ्या. नवरा बाजेवर बसलेला, तो तर आमच्याशी बोलायचाच नाही. घरात आपसात ती दोघं गोंडीत बोलायची, आमच्याशी मराठीत. पहिल्याच दिवशी बाईंनी मला विचारलं, "तुमी सारे चित्रं काढता म्हंता, मंग इथं काऊन आले जी?"

मी प्राचार्यांना ऐकवलेलं भाषण थोडं सोपं करून ऐकवलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मुलींना शेण कालवायला बसवलं. पुढचे तीन दिवस आम्ही फक्त माती चाळली, भिजवली, तुडवली. एका मुलानं नोंदवहीत लिहिलं, 'आज चित्रकलेचा तास झाला नाही.' मी ते खोडायला लावलं. मग वाटलं, खोडायला का लावलं? खरंच झाला नव्हता.

पाचव्या दिवशी बाईंनी डावी बाजू काढायला घेतली. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळलेला, तोच ब्रश. आधी रेघा आखणं नाही, मध्य काढणं नाही. त्यांनी सुरुवातच हरणाच्या एका खुरापासून केली आणि हरीण त्या खुरावर हळूहळू उभं राहिलं. माझी मुलं बघत राहिली. सेलूची मुलगी म्हणाली, "मावशी, पूर्ण हरीण मावेल की नाही हे आधी कसं कळतं?" बाई म्हणाल्या, "नाई मावलं तं थे मान वळवते." मी इतका खूश झालो की त्या दिवशी कोणावरच ओरडलो नाही. यासाठीच तर आपण आलो होतो, असं मनात म्हटलं.

दोन सकाळींत डावी बाजू झाली. मग बाईंनी उजवी बाजू पोतारली. डावीपेक्षा जास्त वेळ घेऊन, हाताच्या तळव्यानं घोटून घोटून त्यांनी ती पांढरीशुभ्र केली. आणि तिथंच थांबल्या. सेलूच्या मुलीनं विचारलं, "मावशी, ही बाजू कधी?"

बाईंनी बाजेकडे एकदा पाहिलं. "होईन थे," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कापूस वेचायला वावरात गेल्या. आमचा तो शेवटचा दिवस होता. सकाळी संग्रहालयातून फोन आला, आज दुपारी फोटो काढायला येतोय, तयार आहे ना? मी त्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. मला स्पष्ट दिसलं की बाईंना वेळच मिळालेला नाही. घरचं, वावरातलं, त्यात अकरा पोरांचं लटांबर. त्यांची बिचारीची भिंत अर्धी राहिली. आपण एवढे चित्रकलेचे लोक हातावर हात धरून बसलोय, हे काही बरं नाही. मुलांना मी म्हटलं, "संध्याकाळी मावशी परत येतील तेव्हा त्यांना त्यांची भिंत पूर्ण झालेली दिसली पाहिजे. हीच आपली गुरुदक्षिणा." मुलांचे डोळे चमकले. माझेही चमकले असणार.

आणि मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. ज्या घासण्यावर आयुष्यभर ओरडलो, तेच घासणं मी बाहेर काढलं. खाकी कागद जोडून डाव्या बाजूएवढा मोठा कागद केला, त्यावर बाईंची सगळी रेघ उतरवली, रेघेवर सुईनं भोकं पाडली, कागद उलटा करून उजव्या भिंतीला लावला आणि गेरूच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटली. कागद काढला तेव्हा मोर, हरणं, कणसं सगळं ठिपक्याठिपक्यांनी भिंतीवर उतरलेलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सेलूच्या मुलीनं काडी हातात घेतली आणि मुख्य रेषा तिनंच ओढल्या. तिचा हात फार स्वच्छ चालतो. मी मागं उभा राहून सांगत होतो, "एक मिलिमीटर इकडं नको, तिकडं नको."

हे सगळं बाईंच्या नवऱ्याच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. कागद लावायला जागा हवी होती तेव्हा न सांगता त्यानं बाज सरकवून दिली. मध्ये एकदा मुलांना पाणी आणून दिलं. संग्रहालयाचे गृहस्थ आले, त्यांनी फोटो काढला, दोन्ही बाजू मोजून मापून सारख्या बघून त्यांना भरून आलं. ते गेल्यावर नवरा भिंतीसमोर येऊन उभा राहिला. "चांगलं जमलं," म्हणाला आणि परत बाजेवर जाऊन बसला. आठ दिवसांत तो आमच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मला वाटलं, आपण जिंकलो.

बाई दिवस कलताना आल्या. डोक्यावरचं कापसाचं गाठोडं त्यांनी उतरवलं, वर पाहिलं आणि तशाच थांबल्या. मग हातपाय धुतले. आत जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला. हा चहा आनंदाचाच आहे, असं आम्ही समजत होतो. शेवटी सेलूच्या मुलीला राहवलं नाही.

"मावशी, आवडलं का?"

"चांगलं हाय. कोणं काढलं?"

"मी! म्हणजे आम्ही सगळ्यांनी. सरांनी उतरवून दिलं."

बाईंनी माझ्या हातात कप दिला. "थे बाजू माह्या पोरीची हाय जी," त्या म्हणाल्या.

मग तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या घरात डावी बाजू आईची आणि उजवी लेकीची, त्यांच्या आईच्या घरीही तसंच. मुलगी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून उजवी बाजू काढायची. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरवलं, तर ती म्हणाली आधी शिवणकाम शिकीन, कमवीन, मग पाहू. बाप म्हणाला, गेली तर परत येऊ नको. ती गेली. वर्ध्याला पिपरी मेघेत राहते. बापासमोर तिचं नाव निघत नाही, म्हणून आम्ही विचारलं तेव्हा त्या बोलल्या नाहीत. आता शेजारणीच्या फोनवर तिचा निरोप आला होता की गायगोधनाला, म्हणजे पाडव्याच्या दिवशी, येते. "थे आल्यावर भिंत पाहीन, काडी हातात घेईन, असं वाटत होतं मले," बाई म्हणाल्या. हे सगळं नवरा चार हातांवर बसून ऐकत होता.

मी उठलोच. "मग पुसून टाकू! आत्ता पोतारतो. अर्ध्या तासात कोरी करून देतो."

"नाई जी. काढलेलं पुसत नाई. सणाचं हाय. आपोआप झडन तवा झडन."

"अहो, पण ते आम्ही काढलंय, तुम्ही नाही!"

"भिंतीले काय मालूम?"

मी वाद घालायला लागलो. एका बाईशी, तिच्याच अंगणात, तिच्याच घरच्या रीतीबद्दल. आवाज चढला. सेलूची मुलगी रडायला लागली तेव्हा मी थांबलो. आणि त्या माणसाचा मला भयंकर राग आला. दिवसभर बाजेवर बसून त्यानं बघितलं. एका शब्दानं सांगितलं असतं तर? बाज सरकवून दिली, पाणी दिलं, चांगलं जमलं म्हणाला. त्याला ती भिंत भरून हवी होती का? मुलीची जागा नाहीशी झाली तर बरं, असं वाटत होतं का? की आम्ही शिकलेली माणसं, आम्हाला अडवायचं कसं हे त्याला कळेना? मी त्याच्याकडे पाहत होतो आणि तो माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला काहीही वाचता आलं नाही.

घरी, बोरगाव मेघेला, येऊन मला चैन पडेना. बाईंच्या लेकीनं येऊन भरलेली भिंत पाहिली तर ती काय समजेल? आपल्यावाचून इथं काही अडलेलं नाही, हेच. ती अंगणातूनच परत फिरेल. तिला आधीच जाऊन सांगितलं पाहिजे, असं मी ठरवलं. सेलूच्या मुलीला फोन केला, ती दुसऱ्या दिवशी सकाळी बसनं आली, आणि आम्ही स्कूटरवरून पिपरी मेघेच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. फॉल-पिकोच्या एका दुकानात बाईंची लेक सापडली. दिवाळीची गर्दी, साड्यांचे ढीग, आणि ढिगांमागं मशीनवर वाकलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. मशीन न थांबवता तिनं आमचं ऐकून घेतलं. मी सगळं कबूल केलं. कागद, भोकं, पुरचुंडी, सगळं.

"म्हणजे माही बाजू आता कोरी नाई?" तिनं विचारलं.

"नाही. पण तुमच्या आईनं ती तुमच्यासाठी राखून ठेवली होती. आम्हीच मूर्खपणा केला."

मशीन थांबलं. "राखून ठेवली होती? तुमाले कोणं सांगतलं?"

"आईनंच."

"मले तं कोणी नाई सांगतलं." ती दोऱ्याचं टोक दातांनी तोडून म्हणाली, "मले गावच्या बायांनी सांगतलं, तुह्या मायनं तुही बाजू कोरीच ठेवली, याही वर्सी, त्याही वर्सी. मले वाटलं साऱ्या गावाले दाखवून राह्यली, का पाहा, माही पोट्टी पळाली, मेली माह्यासाठी. मी तं थेच भांडाले येऊन राह्यली होती."

मी तिथं स्टुलावर बसलो. आता काय म्हणायचं? आईची कोरी भिंत म्हणजे बोलावणं होतं की दोष देणं? आई म्हणते बोलावणं, पण तिनं तरी ते गावाला का नाही सांगितलं? आणि जर लेकीला ती कोरी भिंत दोन वर्षं टोचत होती, तर मी ती भरली हे वाईट झालं की चांगलं? मी सेलूच्या मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, सर काय ते सांगतील म्हणून. वर्गात हीच नजर मला फार आवडते. त्या दिवशी ती नको वाटली.

"तुम्ही याल ना?" मी विचारलं.

"भिंत तं भरली. आता मी आली काय अन् नाई आली काय," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ती थट्टा करत होती की खरं बोलत होती, ते आम्हाला परतीच्या रस्त्यावर ठरवता आलं नाही.

मला काही काम नव्हतं तरी गायगोधनाच्या दिवशी मी त्या गावाला गेलो. सेलूच्या मुलीला तिच्या घरून घेतलं. तिची आई म्हणाली, "सणाच्या दिवशी कायचं कॉलेज?" मी स्कूटर सुरू केली. गावात गाईबैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर हाताचे ठसे, पोरांचा आरडाओरडा. बाईंनी आम्हाला पाहिलं, आश्चर्य दाखवलं नाही, बसायला दिलं. आम्ही तिघं रस्त्याकडे बघत बसलो. नवरा बाजेवर होता, तोही तिकडेच बघत होता. दुपार झाली. मी मनात शंभर वेळा ठरवलं की ती येणार नाही, आणि त्याचा दोष सगळा माझा.

ती आली. फाट्यावर ऑटोतून उतरून पिशवी हातात घेऊन चालत आली आणि अंगणाच्या मध्यावर थांबली. आधी तिनं डावी बाजू पाहिली, मग उजवी. बराच वेळ पाहत राहिली. मग आईशी गोंडीत काहीतरी बोलली. आईनं उत्तर दिलं. आवाज वाढले. एक हात भिंतीकडे जायचा, एक हात रस्त्याकडे, मध्येच आईनं पदर डोळ्यांना लावला, मध्येच लेक हसली की काय असं वाटलं, पण ते हसू नव्हतं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा धडा कदाचित माझ्यासमोर चालला होता आणि तो मला येत नसलेल्या भाषेत होता. सेलूच्या मुलीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

मग लेक एकदम माझ्याकडे वळली. "सर, हे कोणाचं चित्र हाय?"

"आमचं," मी म्हटलं. "आमची चूक."

"तुमचं नाई. हे आईचंच हाय, उलटं करून लावलेलं." ती भिंतीजवळ गेली. "आईचे मोर दाराकडं पाहतेत. माहे मोर कधीच दाराकडं नाई पाहत. माहे रस्त्याकडं पाहतेत. आई दर वर्सी रागवे त्याच्यावरून. इथं माहं काईच नाई."

ती पिशवी उचलायला वाकली. त्या मोरांची तोंडं कोणीकडे असावीत याचा विचार मी केलाच नव्हता. मध्यरेषा काढली की तो विचार करावाच लागत नाही.

तेव्हा बाप उठला. घराच्या मागं गेला आणि माती कालवलेलं घमेलं घेऊन आला. ते कधी कालवून ठेवलं होतं, कोण जाणे. कोणाकडेही न बघता त्यानं उजवा हात त्या मातीत बुडवला आणि भिंतीवर, बरोबर मोराच्या मानेवर ठेवून खालपर्यंत ओढला. बाई ओरडल्या. सणाची भिंत, काढलेलं पुसत नाहीत, हेच ओरडत असाव्यात. तो थांबला नाही. मोर गेले, हरणं गेली, कणसं गेली, आमचा एकेक मिलिमीटर गेला. त्याचे हात फार वाईट पोतारत होते, सगळीकडे बोटांचे ओरखडे. काम झाल्यावर लेकीकडे तोंड करून तो गोंडीत तीन-चार शब्द बोलला आणि घमेलं तिच्या पायाशी ठेवलं.

लेक मटकन बाजेवर बसली आणि मोठ्यानं रडली. बाई तिच्याजवळ गेल्या. मी सेलूच्या मुलीला हळूच विचारलं, "काय म्हणाला तो?"

"मला काय माहीत सर," ती म्हणाली. तीही रडत होती.

ते शब्द काय होते, हे मी नंतर कोणालाच विचारलं नाही. धीर झाला नाही. तो माफी मागत होता की हुकूम देत होता, की नुसतं 'घे' म्हणाला, मला माहीत नाही. एवढं मात्र सांगतो की मला त्या माणसाचा जितका राग आला होता, तितकंच त्या क्षणी त्याच्याबद्दल प्रेम वाटलं, आणि दोन्हींपैकी खरं काय ते मला ठरवता येत नाही.

भिंत पुरती वाळायच्या आतच लेकीनं काडी हातात घेतली. ओल्या मातीत गेरू पसरत होता, ती चिडत होती, आई बाजूला उभी राहून गोंडीत काहीतरी चुका काढत होती, ती उलट उत्तरं देत होती. पहिला मोर झाला. रस्त्याकडे तोंड करून. दुसरा मोर निम्मा झाला तेव्हा फाट्यावरून ऑटोचा हॉर्न वाजला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, तिला सकाळी दुकान उघडायचं होतं. तिनं काडी खाली ठेवली, पिशवी उचलली आणि गेरूनं भरलेल्या हातानंच निघाली. बापानं वळून पाहिलं नाही. पण ऑटो दिसेनासा होईपर्यंत तो बाजेवर बसला नाही.

अंगण एकदम रिकामं झालं. मोराची रेघ अजून ओली होती. सेलूच्या मुलीचे हात शिवशिवत असणार, मला ते ओळखता येतं. ती पुढं झाली आणि म्हणाली, "मावशी, तेवढा एक मोर पूर्ण करून देऊ का? त्यांचा मोर बघून, रस्त्याकडे तोंड करून काढते."

बाईंनी खाली ठेवलेली काडी उचलली आणि वळचणीला वर, तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी खोचून ठेवली.

"ती परत कधी येणार, काही बोलली का?" मी विचारलं. अशा वेळी गप्प बसावं हे मला अजून शिकता आलेलं नाही.

"बोलली काईच नाई जी," बाई म्हणाल्या. "पण एकच पाय काढून गेली ना थे मोराचा. कितीक दिवस उभा ठेवीन थे त्याले तसा?"

आणि त्या आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेल्या.